हजेरीची चौसष्टावी जागा

कॉम्प्युटर लॅबमध्ये वीस वर्षं काढलेल्या बाईकडे किश्शांचा ढीग साचतोच. लोक म्हणतात, मशिन सांगितलं तेवढंच करतं. म्हणोत बापडे! मी नांदेडच्या एका कॉलेजात लॅब सांभाळते, मला कुणी शिकवू नये.

*

आमचे गायकवाड सर अहमदपूरचे. ऑपरेटिंग सिस्टिम शिकवायचे. शेअर्ड लायब्ररीचा सुरुवातीचा इतिहास पोरांना डोळ्यांनी दिसावा म्हणून त्यांनी कोपऱ्यातल्या एका म्हाताऱ्या मशिनवर तितकीच म्हातारी सिस्टिम चालू ठेवली होती. "आधी परतेक प्रोग्राम आपलं बोचकं आपल्या पाठीवर घेऊन फिरायचा," सर सांगायचे. "मेमरी पुरंना. मग सुचलं, सगळ्यांना लागणारा कोड एकाच जागी ठेवा, ज्यानं त्यानं तिथूनच वापरा. हीच शेअर्ड लायब्ररी!"

एकदा तपासणीला समिती आली. फळ्यावर 'शेअर्ड लायब्ररी' वाचून एका साहेबांनी विचारलं, "पुस्तकं किती?"

"एकच हाय साहेब," सर म्हणाले, "पण समदे एकाच टायमाला वाचून राहिलेत!"

साहेबांनी ते लिहून घेतलं!

*

देगलूरच्या व्यंकट नावाच्या पोरानं एकदा त्या लायब्ररीतला, प्रोग्राम सुरू होताना दिसणारा 'नमस्कार' काढून तेलुगूतलं 'बागुन्नारा?' घातलं. म्हणजे 'बरे आहात ना?' दुसऱ्या दिवशी त्या मशिनवरचा प्रत्येक प्रोग्राम तेच विचारायला लागला. प्राचार्य दचकून म्हणाले, "कोण विचारून राहिलंय मला?"

"एकानं विचारलं की सगळे विचारतेत," सर म्हणाले. "शेअर्ड हाय ना!"

*

त्या काळच्या लायब्ररीत प्रत्येक कामाच्या जागेचा नंबर कायमचा ठरलेला असे. पुढं लागतील म्हणून काही जागा रिकाम्याच राखून ठेवत. "एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकतो तसं," असं सरांचं म्हणणं. त्यांच्या लायब्ररीत असे चौसष्ट रुमाल होते. पहिला सरांचा, पुढचा एकेक एकेका विद्यार्थ्याचा. ज्यानं त्यानं आपल्या जागेत एक ओळ लिहायची. 'हजेरी' नावाचा प्रोग्राम दर तासाला सगळ्यांना नंबरवार हाक मारायचा आणि ओळी पडद्यावर उमटायच्या. कुणी नसेल तिथं 'जागा रिकामी'.

सतरावी जागा औशाच्या सिद्धार्थची. त्याची ओळ, 'आलो सर'. पोरगा नोकरीला लागला आणि दोन महिन्यांत अपघातात गेला. तरी दर तासाला 'आलो सर'! पोरी घाबरल्या. म्हणाल्या, काढून टाका.

"न्हाई," सर म्हणाले. "मधली एक जागा काढली की मागचे समदे सरकतेत. अठराव्याला हाक मारली तर एकोणिसावा उठंल." मग चष्मा पुसत म्हणाले, "आन् त्यो येतोय तर येऊ द्या की!"



*

एकदा भर वर्गात सरांनी लायब्ररीची फाइलच डिलीट केली. वर्ग गार! तेवढ्यात अकरा वाजले आणि हजेरी नेहमीसारखी उमटली.

"नाव पुसलं," सर म्हणाले, "पण जो प्रोग्राम आधीपासून वापरून राहिलाय, त्याच्यापुरती ती जित्ती हाय. आता तिच्यात कुणी काही बदलू शकत न्हाई. मशिन बंद पडलं की मग खरी मेली."

फ्लॉपीवरून फाइल त्यांनी लगेच परत आणली. मला मात्र त्या दिवशी डबा गोड लागला नाही.

*

गेल्या वर्षी सर गेले. महिन्याभरानं मशिनवरचा पसारा आवरताना मीच, या हातांनी, चुकून ती फाइल डिलीट केली. फ्लॉपी काढली तर तिला बुरशी. हजेरी तेवढी चालू होती. लाइट गेली आणि यूपीएसची बॅटरी संपली की सरांचं सगळं संपणार होतं. रडूच कोसळलं मला.

सरांच्या मुलीला, वैशालीला, फोन केला. ती इस्लापूरला शिक्षिका. तिनं आपल्या मनानं लग्न केलं म्हणून सर सहा वर्षं तिच्याशी बोलले नव्हते.

"ताई, आई म्हणती की बाबांनी माझ्यासाठीबी एक रुमाल टाकलाय," ती म्हणाली. "खरं हाय का?"

काय सांगणार? एक्केचाळीसच्या पुढं सगळ्या जागा रिकाम्या, रोज बघत होते मी. "ये," एवढंच म्हणाले.

"मी येस्तोवर बंद पडू देऊ नका!"

दोनच्या हजेरीला मी मुद्दाम समोर बसले. शेवटपर्यंत रिकामीच. अडीचला लाइट गेली आणि यूपीएस शिट्ट्या मारायला लागला. तीनला पाच कमी असताना वैशाली आली आणि उंबऱ्यातच थांबली. आत यायचा तिला धीर होईना.

तीन वाजले. सरांची ओळ आली. पोरांच्या आल्या. सतरा, 'आलो सर'. एक्केचाळीस झाली. मग जागा रिकामी, जागा रिकामी, जागा रिकामी. त्रेसष्टही रिकामी. वैशालीनं तोंडाला पदर लावला.

चौसष्ट: 'दारात का म्हून उभी? बस की, बाई.'

वैशाली खुर्ची ओढून बसली. मग यूपीएसची शिट्टी थांबली आणि पडदा काळा झाला.