वर्षश्राद्धाची तंगडी

माझ्या बायकोच्या वर्षश्राद्धाला मी माझ्या मुलीची परीक्षा शिजवली. रश्शात. वरून कोथिंबीर पेरून.

हे मी अभिमानाने सांगत नाही. सांगितल्याशिवाय राहवत नाही, म्हणून सांगतोय.

आमची प्रणाली सर्जन आहे. तुटलेली बोटं परत बसवायची, आतल्या बारीक रक्तवाहिन्या भिंगाखाली टाके घालून जोडायच्या, असलं काम ती मुंबईत शिकते. माणसाला हात लावण्याआधी त्याचा सराव करावा लागतो, आणि तो करतात कोंबडीच्या तंगडीवर! तंगडीच्या आत एक नस असते. ती कापायची आणि केसाहून बारीक दोऱ्याने पुन्हा जोडायची. सरांनी तिला सांगितलं होतं, "सोमवारी जोड घेऊन ये. पाणी सोडून बघू. गळला नाही, तर ऑपरेशनला माझ्या शेजारी तू."

शनिवारभर घरी मान मोडून तिने तो जोड जमवला, तंगडी डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवली आणि झोपली ती झोपलीच.

रविवारी सकाळी फ्रिज मी उघडला. सुमनला, म्हणजे माझ्या बायकोला, तंगडी फार आवडायची. आमच्यात गेलेल्या माणसाच्या ताटात त्याच्या आवडीचं तिखट, म्हणजे मटण-चिकनही वाढतात. आणि मी चिकन आणायलाच विसरलो होतो. (सुमन असती तर तिने आठवण केली असती. पण ती असती तर श्राद्ध कशाला असतं!) डबा दिसला आणि माझे डोळे भरून आले. पोरीच्या लक्षात होतं! आईसाठी आणून ठेवली आणि बोललीसुद्धा नाही! मी लगेच कांदा चिरायला घेतला, म्हणजे रडायला निमित्त झालं.

अंगणात ताट ठेवलं. कावळे समोरच्या पत्र्यावर बसलेले. एकही खाली उतरेना. खारबावहून आलेली माझी थोरली बहीण, अक्का, कमरेवर हात ठेवून उभी होती, मागे शेजारणी.

"तिचं कायतरी रायलंय," अक्का म्हणाली. "कबूल कर. बोल, पोरीचं लगीन करतो."

"करतो."

कावळा मान वाकडी करून बघत राहिला.

"बोल, यापुढं कोनावर खेकसनार न्हाय."

"नाही खेकसणार. आता जरा गप्प बस ना!"

"बघ! म्हणून येत न्हाय तो!"

तेवढ्यात प्रणाली दारात आली. "बाबा, फ्रिजमधला माझा डबा..." आणि ताटाकडे बघून थिजली. त्याच क्षणी कावळा झेपावला, तंगडी उचलली आणि पत्र्यावर गेला!

आम्ही सगळ्यांनी हात जोडले. प्रणालीने चप्पल फेकली.

"सोड! ए, सोड ती! बाबा, शिडी आणा!"

ज्या कावळ्याची आम्ही इतका वेळ आर्जवं केली, त्याला माझी मुलगी हाकलत होती! शेजारणींनी पदर डोळ्यांना लावले. "आईला जाऊ देत न्हाय गं पोर!" म्हणत अक्काने गळा काढला. मला काहीच कळत नव्हतं. मी शिडी धरली.

"बाबा," ती वरून ओरडली, "हिच्यात माझे टाके आहेत!"

आता मला कळलं. शिडी हातातून सुटली नाही, एवढंच.

कावळा तंगडी टाकून उडाला होता. ती घेऊन प्रणाली पायरीवर बसली, मांस बोटांनी बाजूला केलं. नस शिजून आक्रसली होती. पाणी कशात सोडणार?

"मला वाटलं, तू आईसाठी आणलीस," मी म्हणालो.

तिने तंगडी पायरीवर ठेवली. मग म्हणाली, "सकाळी आत्याचा आवाज ऐकला, तेव्हा मला आठवलं आज काय आहे ते." आणि आई गेल्यापासून पहिल्यांदा रडली.

मी कामतघरला चिकनच्या दुकानात धावलो. "भाई, तंगडी दे. मगर अंदर की नस टूटनी नहीं चाहिए."

"चाचा, पकाने का है के इलाज करने का?"

संध्याकाळी ती पुन्हा टेबलाशी बसली. दोरा एकच उरला होता. मी बॅटरी धरून शेजारी. एकेक टाका पडत गेला. शेवटचा राहिला. प्रणालीने जिभेचं टोक दातांत धरलं होतं. सुमन ब्लाउजला हुक लावताना असंच धरायची. मला उसासा आला.

दोरा उडाला.

आम्ही रांगत फरशी शोधली. तेवढ्यात अक्का मदतीला केरसुणी घेऊन आली आणि सगळी खोली झाडली. दोरा सापडला नाही. सोमवारी सरांनी दुसऱ्याच मुलाला शेजारी उभं केलं.

प्रणाली आता पुढच्या खेपेची तयारी करतेय. मला एकच नियम घातलाय: "बाबा, आईची आठवण काढा, पण टेबलापासून लांब." त्यामुळे हल्ली उसासा आला की मी तोंड दाबून बाहेर पळतो आणि पायरीवर सोडून परत येतो.

शेजाऱ्यांना वाटतं, मला दमा झालाय.