भाऊबीजेचा घाटबंगला

ज्या गोष्टीची उदयसिंहाला काळजी वाटत नाही अशी गोष्ट अख्ख्या कोपरखैरण्यात शोधून सापडली नसती. गॅसचं बटण तो स्वतः बंद करायचा आणि जिन्यावरून परत येऊन पुन्हा बघायचा. उरणजवळच्या एका गोदामात तो सुपरवायझर होता. तिथे कंटेनरचं सील हाताने ओढून बघितल्याशिवाय गाडी सोडायचा नाही, आणि ड्रायव्हर लोक त्याची नक्कल करत हसायचे. रस्त्यात मुलीची शाळेची बस अडकली की याचा चहा गार व्हायचा.

आणि असला माणूस तरुणपणापासून कसला भक्त असावा, तर एका खुनी सिनेमांच्या मालिकेचा. त्याच्या बायकोला, वैशालीला, हे लग्नाला इतकी वर्षं होऊनही उलगडलं नव्हतं. उदयसिंहाचं मात्र साधं म्हणणं होतं, की सिनेमातली भीती दोन तासांत संपते. शेवटी दिवे लागतात, खुनी कोण ते कळतं आणि माणूस जेवायला उठतो. घरच्या काळजीला असा शेवट नसतो, आणि म्हणून त्याला ती भीती गोड वाटायची.

मालिकेचं नाव ‘घाटबंगला’. हिंदीत निघालेले सहा भाग, सगळे स्वस्तातले. घाटातला एक बंगला, तिथे उतरलेली माणसं, आणि डोक्यावरून पोत्याची खोळ ओढलेला, हातात कोयता घेतलेला एक उंच माणूस. हे सिनेमे गल्लीतला केबलवाला दुपारी लावायचा, तेव्हा उदयसिंह आणि त्याची धाकटी बहीण मंजुषा एका चादरीत शिरून बघायची. त्यांच्या घाबरण्याला एक खास कारण होतं. त्यांचे वडील हौसेराव बाजारात माथाडी होते. पावसाळ्यात ते डोक्यावर बारदानाची खोळ घेऊनच घरी यायचे. सिनेमा ऐन रंगात असताना दारात तसलाच आकार उभा राहिला की दोघं किंचाळायची, आणि साताऱ्याकडचा तो भला माणूस ओल्या अंगाने दारातच थांबून विचारायचा, की अरे, मी काय केलं?

हौसेराव गेले. मंजुषाचं लग्न होऊन ती ऐरोलीला फ्लॅटमध्ये गेली. घाटबंगला मात्र भाऊबीजेला चिकटला. दिवाळीच्या आधी दोघांनी आपापल्या घरी मोबाईलवर सहाही भाग पुन्हा बघायचे आणि भाऊबीजेला ओवाळून झालं की आपापला क्रम लावायचा, पहिला कोण, शेवटचा कोण. मग कडाकडा भांडायचं आणि जो जिंकेल त्याचा भाग टीव्हीवर लावायचा. लोकांकडे भाऊबीजेला फराळ आणि फोटो असतो, यांच्याकडे कोयता असायचा. त्यांची आई, राहीबाई, दरवर्षी देवाचं नाव घेऊन आतल्या खोलीत जायच्या.

उदयसिंहाचा पहिला नंबर कायम पहिल्या भागाला. मंजुषाचा तिसऱ्याला, कारण त्यात पोरगी कुणाची वाट न बघता स्वतःच तळघरातून बाहेर पडते. पाचव्यात खोळवाल्याचं भूत होतं आणि सहाव्यात परदेशातलं रिसॉर्ट, त्यावर बोलण्यासारखं काही नव्हतं. तरी उदयसिंहाच्या यादीत सगळ्यात शेवटी असायचा तो चौथा, आणि तोही एका माणसामुळे. बंगल्यात अडकलेली नर्स जंगलखात्याच्या वनरक्षकाला गाठते, म्हणते मला इथून ने. आणि तो भोळा माणूस बंगल्याच्या मॅनेजरला विचारायला जातो. मॅनेजर, म्हणजे खोळ काढलेला खुनीच. “इतका येडा माणूस असूच शकत नाही,” उदयसिंह दरवर्षी म्हणायचा. घरात कुणी दूध उतू घालवलं, किल्ली विसरलं, तरी त्याला ‘वनरक्षक’ म्हणायची रीत पडली होती.

यंदा नवरात्र संपल्यावर एका दुपारी मंजुषाचा फोन आला. ऑफिसच्या जिन्यातून बोलत होती, आवाज दबलेला. म्हणाली, “दादा, मी थोडे दिवस राहायला येऊ का?” काय झालं, बरं आहे ना, भांडण झालं का, त्याने एका दमात सगळं विचारलं. ती म्हणाली, आल्यावर सांगते.

मग त्याने तेच केलं जे त्याच्या घराण्यात पिढ्यानपिढ्या केलं जातं. त्याने दाजींना फोन लावला. बहिणीला माहेरी आणायचं तर जावयाला विचारून आणायचं, त्याचा मान ठेवायचा. हौसेराव असते तर त्यांनी पागोटं नीट करून हेच केलं असतं. मंजुषाचा नवरा जयप्रकाश वयाने उदयसिंहापेक्षा लहान, पण नात्याने दाजी, म्हणून याचं सगळं बोलणं अहो-जाहो. दाजी, मंजूला चार दिवस पाठवताय का, ती म्हणत होती यायचंय, आवाज जरा बरा नाही वाटला, असं सगळं त्याने सांगून टाकलं. वर, आमच्याकडून काही चुकलं असेल तर पदरात घ्या, असंही म्हणाला. जयप्रकाश गोड हसला. अहो दादा, तुमची बहीण आहे, विचारायचं काय, म्हणाला.

मंजुषा आली नाही.

दुसऱ्या दिवशी तिचा फोन बंद होता. मग मेसेज आले, ‘कामात आहे’, ‘नंतर बोलते’, आणि त्यांची भाषा उदयसिंहाला मंजूची वाटेना. मंजू मेसेजमध्येही भांडायची. हा कुणीतरी सभ्य माणूस लिहीत होता. त्याने तिच्या ऑफिसात विचारलं तर कळलं, रजेवर आहे. तो रविवारी ऐरोलीला गेला, अर्थात आधी दाजींना कळवून. जयप्रकाश सोसायटीच्या गेटवरच भेटला. तिला ताप आहे, आत्ताच झोप लागली, म्हणाला. उदयसिंहाने आईने दिलेला डबा त्याच्या हातात दिला आणि परत आला. येताना बसमध्ये स्वतःला सांगत राहिला, की ताप आहे, दुसरं काही नाही.

घरी वैशालीने ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, की तुम्ही वर का नाही गेलात? त्या दिवसापासून त्याचं जेवण उडालं. आयुष्यभर नको त्या काळज्या करून दमलेल्या माणसाला खरी काळजी आली तेव्हा ती कशी करायची हेच कळेना. मंजू बरी आहे का, तिला त्या घरात काही होतंय का, आणि भाऊबीजेला ती येईल का, याखेरीज डोक्यात काही उरलं नाही. जाग आली की तो मोबाईलवर घाटबंगला लावायचा. पण यंदा भीती गोड लागत नव्हती. चौथा भाग तर त्याने अर्ध्यातच बंद केला.

भाऊबीजेला ती आली. जयप्रकाश सोबत होता, मिठाईचा पुडा घेऊन. मंजुषा वाळली होती. नवी पैठणी नेसली होती आणि उकाड्यात लांब बाह्यांचं पोलकं घातलं होतं. तिने आईला वाकून नमस्कार केला तेव्हा राहीबाईंनी तिचे दंड धरले आणि ती किंचित मागे सरली. उदयसिंहाने ते पाहिलं.

वैशालीने तिला दोनदा स्वयंपाकघरात हाक मारली. दोन्ही वेळा जयप्रकाश हसत म्हणाला, बसू द्या हो तिला, अशक्तपणा आहे, आणि मंजुषा बसून राहिली. पाट मांडला. तिने भावाला ओवाळलं. मग ताम्हन खाली ठेवलं. उदयसिंहाने साडीचं पाकीट ताटात ठेवलं. समोर सोफ्यावर दाजी चकली खात बसलेले, एक पाय दुसऱ्या पायावर. त्यांच्यादेखत विचारणार काय?

मग मंजुषाच म्हणाली, “दादा, नंबर लावायचे ना?”

जयप्रकाश हसला. त्याला हे सिनेमे पोरकट वाटायचे, त्याने एकही बघितलेला नव्हता. भावंडांचं चालू द्या, म्हणून त्याने मोबाईल काढला. उदयसिंहाने सुरुवात केली. पहिला नंबर पहिल्या भागाला, मग तिसरा, मग दुसरा. त्याला स्वतःचाच आवाज लांबून आल्यासारखा वाटत होता. शेवटी चौथा, तो म्हणाला, नेहमीप्रमाणे.

“माझा यंदा चौथा पहिला,” मंजुषा म्हणाली.

उदयसिंह तिच्याकडे बघत राहिला. ती ताम्हनातल्या सुपारीकडे बघत होती. बोलताना तिने आवाज चढवला नाही, उतरवलाही नाही, दरवर्षी भांडते तसंच ती बोलली.

“तू म्हणतोस असा येडा माणूस नसतो. असतो रे. आणि तो वाईट पण नसतो. भलाच असतो. पोरगी त्याला सांगते, मला इथनं ने. आणि हा मान ठेवायला जातो. साहेबांना विचारल्याशिवाय कसं न्यायचं? म्हणून साहेबांनाच जाऊन सांगतो, ती पळायचं म्हणतेय.”

“पण शेवटी ती वाचते,” उदयसिंह कसाबसा म्हणाला.

“शेवटी वाचते. त्याने सांगितल्यावर मधे तिचं काय होतं, ते तू कधी धड बघितलंस का?”

जयप्रकाशचा अंगठा मोबाईलवर सरकत होता. इतकी वर्षं ज्या माणसाला तो हसला, तो माणूस त्याच्या पाटावर बसला होता, कपाळाला कुंकू लावून. त्याला स्वतःची इतकी लाज वाटली की डोळे भरून आले, आणि ते दाजींना दिसू नयेत म्हणून त्याने मान खाली घातली. मग त्याच्या लक्षात आलं, की अजूनही आपण दाजींचाच विचार करतोय.

जयप्रकाशने घड्याळ बघितलं. चला, म्हणाला, घरी पाहुणे यायचेत. मंजुषा लगेच उठली, फार लगेच. राहीबाई आतून ओटी भरायला तांदूळ घेऊन आल्या. उदयसिंह उठून दाराशी गेला. एरवी इथे तो म्हणायचा, दाजी, पुन्हा पाठवा हं. तोंडापर्यंत तेच आलं होतं.

त्याने दाजींकडे पाठ केली. “मंजू,” तो म्हणाला, “तुला जायचंय का?”

हा प्रश्न त्या घरात कुठल्याच लेकीला कुणी विचारला नव्हता. जयप्रकाश म्हणाला, हे काय दादा, तसं आपलं ठरलं नव्हतं, आणि आवाज अजून गोडच होता. मंजुषाने नवऱ्याकडे बघितलं, मग आईच्या हातातल्या तांदळांकडे.

“नाही,” ती म्हणाली.

जयप्रकाश तिचा हात धरायला पुढे झाला. उदयसिंह मधे उभा राहिला. तो काही ताकदीचा माणूस नव्हता. पण तो हलला नाही. वैशालीने मोबाईल कानाला लावला आणि शेजारच्या वामनकाकांना मोठ्याने सांगितलं, की जरा आमच्याकडे या. जयप्रकाशने एकेकाकडे बघितलं. मिठाईचा पुडा उचलून घेतला, खरंच उचलून घेतला, आणि तो जिना उतरला. उदयसिंहाने आधी लाकडी दार लावलं, मग कडी घातली, मग ती ओढून बघितली. यावेळी त्याला कुणी हसलं नाही.

मंजुषाने बाही वर केली. दंडावर हिरवे-पिवळे वळ होते. “तू त्याला फोन केलास ना, त्याच दिवसापासून बेडरूमला बाहेरून कडी,” ती म्हणाली. “मोबाईल त्याच्याकडे. आज पण मला आणलं ते तुम्ही विचारत बसाल म्हणून.” उदयसिंह तिच्यासमोर जमिनीवरच बसला आणि लहान मुलासारखा रडला. ती त्याला थोपटत नव्हती, पण उठूनही गेली नाही. वामनकाका आले, सगळं ऐकून म्हणाले, पोलीस चौकीत आत्ताच जाऊ. वैशाली मंजूची चप्पल शोधायला लागली.

तेवढ्यात बेल वाजली. बाहेरून जयप्रकाशचा आवाज आला, शांत, समजूतदार. “दादा, पाच मिनिटं बोलू या. तुम्ही तरी समजून घ्या. दार उघडा.”

उदयसिंहाचे डोळे सवयीने कडीकडे गेले. पाहुणा दारात उभा, तोही जावई, आणि आपण बसून राहायचं, हे त्याच्या रक्तात नव्हतं. त्याचा हात जमिनीवर टेकला, उठण्यासाठी. मंजुषा त्या हाताकडे बघत होती.

त्याने तो हात उचलून मांडीवर ठेवला.

“दाजी,” तो बसल्या जागेवरून म्हणाला, आणि आवाज फाटला तरी थांबला नाही, “आता विचारायचं असेल ते मंजूला विचारलं जाईल. तुम्हाला नाही.”

बेल पुन्हा वाजली, मग पुन्हा. राहीबाईंनी ओटीचे तांदूळ डब्यात परत ओतले आणि डब्याला झाकण लावलं.