कोसा काढलेली मांडी

भावजयीचा मला राग येतो आणि तो जावा अशी माझी अजिबात इच्छा नाही.

तुमसरला तिचं ब्युटी पार्लर आहे. मागच्या वर्षी तिने एका क्रीमची एजन्सी घेतली. कंपनीने ट्रेनिंग दिलं आणि बाईसाहेब कातडीच्या डॉक्टर होऊनच परत आल्या. आपल्या कातडीवर म्हणे चांगल्या जिवाणूंची वस्ती असते, वय झालं की ती बिघडते, म्हणून सुरकुत्या पडतात. या क्रीममध्ये जिवंत जिवाणू नाहीत, मारलेल्या जिवाणूंचा अर्क आहे. त्याला पोस्टबायोटिक म्हणायचं. मी म्हटलं, जन्मभर साबण विकून मारले तेही तुम्हीच, आता मेलेले डबीत भरून विकता तेही तुम्हीच. तिने मान उडवली. "ताई, तुमाले सायन्स नाही समजत."

मी बी.एस्सी. आहे. ती बारावीला नापास झाली होती. हे तिला तेव्हाच ऐकवलं नाही, याची मला अजून चुटपुट लागते.

आई मोहाडीकडच्या आमच्या गावी याच भावजयीजवळ राहते. आईने आयुष्यभर कोसा काढला, म्हणजे टसर रेशमाचा धागा. उकळलेल्या कोशांचे तंतू ओढायचे आणि उघड्या मांडीवर तळहाताने वळत धागा करायचा. मशिनी आल्या आणि ते काम सुटलं, पण डाव्या मांडीवर वीतभर काळी, जाड, भेगाळलेली कातडी राहिली. मधोमध उकळतं पाणी सांडल्याचा पांढरा चट्टा. काम करताना आई दार लावून घ्यायची. ती मांडी तिने डॉक्टरलाही कधी दाखवली नाही. लहानपणी मी तिच्यावर डोकं ठेवून झोपायचे, म्हणून मला ठाऊक.

एका घरात राहून भावजयीला ती कधीतरी दिसलीच; तिने आईला डबी दिली, आठवडाभर स्वतः चोळूनही दिली. मग आई रोज आपल्या हाताने लावू लागली. खोटं कशाला बोलू, कातडी जरा मऊ पडली. काळेपणा तसाच.

मला हसू आलं. "काहून लावून रायली? या वयात कोण पायते तुले?"

"मेल्यावर पायतीन ना," आई म्हणाली. "शेवटची आंघोळ घालाले मोहल्ल्यातल्या साऱ्या बाया येतीन. लुगडं काढतीन. म्हणतीन, बुढीले कायचा तरी रोग होता."

त्यानंतर काही दिवस मी त्या डबीवरही दात खाल्ले नाहीत.

मग एक दिवस, मी शिकवते त्या शाळेतल्या सहकारी बाईंनी मोबाईल पुढे केला. भावजयीच्या पार्लरची जाहिरात, दोन फोटो. एकावर लिहिलं होतं 'आधी'. मी पांढरा चट्टा पाहिला आणि अंगाची लाही लाही झाली. दुसऱ्यावर 'नंतर', आणि त्यात कुण्या विशीतल्या पोरीची गोरी मांडी.

मी तशीच पार्लरमध्ये गेले. ती एका गिऱ्हाइकाच्या भुवया कोरत होती.

"फोटो कधी काढला?"

"क्रीम चोळताना. तोंड कुठं दिसते, ताई? कोणाले समजणार हाय?"

"काढून टाक."

"आता तं सारीकडे गेला. कायले एवढं मनावर घेऊन रायल्या?" हातातला दोरा तिने खालीही ठेवला नाही.

त्या गिऱ्हाइकासमोर मी तिला नाही नाही ते बोलले. त्यातला एकही शब्द मी परत घेणार नाही.

आईला काही सांगायचं नाही असं ठरवूनच मी गावी तिच्याकडे गेले. पण तिला कळलं होतं. शेजारणीच्या मोबाईलवर तो फोटो आला होता. शेजारणीनेही जन्मभर कोसाच काढलेला. तशी मांडी गावात आता किती जणींची उरली आहे? ती फोटो घेऊन सरळ आईकडे आली आणि म्हणाली, "हे तुहीच हाय ना वं?"

आई भिंतीला टेकून बसली होती, लुगडं पायाच्या घोट्यापर्यंत ओढून. डबी बाजूला पडली होती. मी ती उचलून बाहेर फेकली. आईने अडवलं नाही.

"माही आंघोळ तू एकटीच घालजो," ती म्हणाली. "दार लावून. तिले अंदर येऊ देजो नोको."

भावजयीला मी हे अजून सांगितलेलं नाही. सांगणार आहे त्याच दिवशी, सगळ्या मोहल्ल्यासमोर, दारात उभी राहून.