कासव कुणाचं

आमच्या पेडण्याकडे ठरलेलं लग्न मोडलं तर लोक एकवेळ विसरतील, पण शिगम्याच्या चित्ररथाची कल्पना फुटली तर ती गोष्ट नातवंडांपर्यंत जाते. मिरवणुकीत आपल्या गावच्या ट्रकवर कोणता देखावा येणार, कोणती मूर्ती मान हलवणार, हे आधी कुणाला कळता कामा नये. म्हणून चित्ररथ जिथे बांधतात त्या मांगराला, म्हणजे शेडला, चहूबाजूंनी ताडपत्र्या. आत वेल्डिंगच्या ठिणग्या उडत असतात आणि बाहेर विचारणाऱ्याला सगळे हसून भलतंच काहीतरी सांगत असतात.

पूर्वी त्यासाठी देवळात नारळ ठेवून गाऱ्हाणं घालायचे, की जो गुपित फोडील त्याचं तोंड वाकडं होवो. तोंड वाकडं झालेला माणूस मी काही पाहिला नाही, पण धाक असायचा. एका वर्षी मात्र नारळाला न जुमानता कल्पना फुटली आणि दुसऱ्याच गावाने तिच्यावर बक्षीस मारलं. माझे चुलतदीर वकील. देवापेक्षा त्यांचा नोटरीवर भरवसा जास्त. पुढच्या वर्षी त्यांनी स्टँप पेपरवर गोपनीयतेचा करारच आणला. सभासदांनी सह्या केल्या, बेळगावकडून आलेल्या वेल्डरांनी केल्या, आणि मीही केली. मी शाळेत चित्रकला शिकवते, म्हणून मला मंडळात घेतलेलं; तिथे मी एकटीच बाई.

करारात एक ओळ होती, 'रक्ताच्या नात्यातील व्यक्तीसही सांगणार नाही.' मी हसून विचारलं, "भावोजी, स्वप्नात बडबडले तर?" ते हसले नाहीत.

सह्या झाल्यावर मी माझी कल्पना मांडली. समुद्रमंथन सगळेच करतात, पण वरून. आपण ते खालून दाखवू. ट्रकभर एकच प्रचंड कासव, पाठीवर पर्वत, वर देव-दानवांचे नुसते पाय दिसतायत. आणि कासवाचे डोळे भरलेले. मोरजीला अंडी घालायला आलेल्या कासवीचे डोळे मी पाहिले होते, अगदी तसे करायचे. मग दीर म्हणाले, "वहिनी, पहिला नंबर!" आणि त्यांनी कल्पना लगेच तारखेसकट मंडळाच्या नावाने लिहून कराराला जोडली.

खरं तर कल्पना माझी नव्हती, बाबांची होती. माहेरी लाटंबार्श्याला काजूच्या भट्टीपाशी बसून ते आम्हा भावंडांना मंथनाची गोष्ट सांगायचे आणि दर वेळी शेवटी म्हणायचे, "अमृत कोणी पिलां ता सगळ्यांक ठावक. कासवाक कोणी इचारलां?" हे मंडळात सांगायला हवं, असं मला सुचलंही नाही. बाबा जाऊन बरीच वर्षं झाली. त्यांचं बोलणं मला माझंच वाटत आलं होतं.

पुढच्या रविवारी मी माहेरी गेले. माझा थोरला भाऊ तिकडच्या मंडळाचा चित्ररथ करतो, आणि तो याच मिरवणुकीत उतरतो. चहाबरोबर उंडे पाव पुढे ठेवून तो एकदम जवळ सरकला. त्याचे डोळे चमकत होते. म्हणाला, "बाय, औंदा बाबांचा कासव करतंय. कोणाक सांगू नको हां."

माझा घास तोंडातच राहिला. याला म्हटलं की आम्हीही तेच करतोय, तर करार मोडला. मंडळाला जाऊन सांगितलं, तर याचा विश्वास मोडला. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. तो कासवाचं चित्र काढून दाखवत होता आणि मी मान डोलवत होते.

परत आल्यावर मी दिरांना सहज विचारल्यासारखं विचारलं, "भावोजी, दोघांना एकच कल्पना सुचली तर कायदा काय म्हणतो?" मूर्खपणा माझा. आमच्याकडे सहज कोणी काही विचारतं का? त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि त्यांचं लक्ष सरळ माझ्या माहेरावर गेलं. कुणाला तरी लाटंबार्श्याला पाठवून त्यांनी ताडपत्रीआड डोकावून घेतलं. मग सभा. मी फोडलं, असं तोंडावर कोणी म्हणालं नाही. सभेत बसलेल्या माझ्या नवऱ्याने तर मान वरच केली नाही, याचा मला सगळ्यांत जास्त राग आला. मी ओरडले, "गोष्ट आमच्या बाबांची आहे, माझ्याइतकी दादाचीही!"

दीर शांतपणे म्हणाले, "वहिनी, कुणाला सुचली हा प्रश्न नाही. लिहून कुणी ठेवली, हा आहे." ते माझ्या भावाला नोटीस काढणार होते.

नोटीस पोचायच्या आत मी स्वतः गेले. भाऊ कासवाच्या डोक्याला हिरवट रंग देत होता. फार सुंदर झालं होतं ते, आमच्यापेक्षा सुंदर. मी सगळं सांगितलं. त्याने ब्रश खाली ठेवला.

"त्या दिवशी तुका खबर आसली?"

"होय."

"आणि तू गप रवलंस? माझेपासून लपवूक सही केलंस?"

मला रडू आलं. मी म्हटलं, "दादा, तू कर कासव. येऊ दे नोटीस. कोर्टात बघून घेऊ."

त्याने ब्रश उचलून फडक्याला पुसला. मग विचारलं, "मी केलंय तर तुका थंय सासरी काय म्हणतले?"

काय म्हणतील ते मला ठाऊक होतं आणि त्यालाही. हिनेच फोडलं, असं जन्मभर म्हटलं असतं. त्याने उठून कासवाचं डोकं खांबापासून सोडवलं आणि भिंतीला टेकवून ठेवलं. त्या वर्षी लाटंबार्श्याचा जुनाच मारुती रंग लावून आला, आणि लोकांनी त्याच्याकडे पाहिलंही नाही.

आमच्या कासवापाशी लोक थांबले, काहींनी हात जोडले. पहिला नंबर आला. ध्वनिक्षेपकावरून संकल्पनेला मंडळाचं नाव लागलं. दीर सगळ्यांना सांगत फिरले, "बघितलात कराराचा फायदा?" मी पेढा घेतला, पण खाल्ला नाही.

भाऊ माझ्याशी भांडला नाही. चतुर्थीला गेले तेव्हा गणपतीवरच्या माटोळीची फळंही आम्ही दोघांनी मिळून बांधली. मी मनाशी म्हटलं, मिटलं एकदाचं.

यंदा होळी जवळ आली तसा मी त्याला फोन केला. दर वर्षी तो कच्चं चित्र आधी मला पाठवायचा, डोळे कसे काढू ते विचारायचा. यंदा काहीच आलं नव्हतं. मीच विचारलं, "दादा, औंदा काय करतंस?"

"आसा कायतरी," तो म्हणाला. मी पुन्हा विचारलं, तेव्हा त्याला वाईट वाटलं असावं. अगदी मायेने म्हणाला, "तुका सांगलंय तर परत तुकाच तरास, बाय."