शेवटचा फर्मा इंदूताईंकडे

फोन दुपारी आला. मी गहू निवडत बसले होते. फोन वाजला की आधी मी घाबरते आणि मग तो उचलते, ही सवय फार जुनी. पलीकडून दिलीप बोलत होता, इंदूताईंचा पुतण्या. म्हणाला, "सुमनमावशी, आत्या गेली... सकाळी चहा दिला तर उठलीच नाही." मी त्याला विचारलं, काल जेवल्या होत्या का, जवळ कोण होतं, औषध घेतलं होतं का. त्याने सगळ्याची उत्तरं दिली. फोन ठेवला आणि मग ध्यानात आलं की मी एवढं सगळं विचारलं, पण रडायचं राहून गेलं. ही सवय मात्र इंदूताईंनी लावलेली. आधी विचारायचं, मग घाबरायचं. त्याला आता महिना होऊन गेला. इंदूरच्या या घरात इंदूताई कोण ते माहीत असलेलं माझ्याशिवाय कुणी उरलेलं नाही, म्हणून लिहायला बसले आहे.

लग्न होऊन मी सावंतवाडीकडच्या आमच्या गावातून लालबागला आले, तेव्हा मला मुंबईत सगळ्याचीच भीती वाटायची. गिरणीच्या भोंग्याची, गॅलरीत सुकत घातलेल्या लुगड्यांमागून अचानक येणाऱ्या माणसाची, आणि आमचे हे गिरणीत पाळीवर गेले की बंद दाराची. शाळा चौथीत सुटलेली. वाचता येत होतं, पण ओळीखाली बोट धरून. दोन दारं सोडून इंदूताई राहायच्या. माझ्याहून बऱ्याच मोठ्या, लग्न केलेलं नाही, गिरगावात एका बाइंडिंगच्या कारखान्यात पुस्तकांचे फर्मे मोडायला आणि शिवायला जायच्या. सकाळी ट्रामने जायच्या, दिवे लागायच्या सुमाराला यायच्या. बोटांच्या पेरांना दोऱ्याने पडलेले चरे असायचे. पहिल्यांदा माझ्या दारात आल्या त्या असंच विचारायला, की तुझ्या खोलीत दिवसभर कडी का लावलेली असते? मी म्हटलं, भीती वाटते. त्या हसल्या नाहीत. "कशाची ते माहीत आहे का?" एवढंच विचारलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला एक फर्मा आणून दिला.

फर्मा म्हणजे काय, ते आधी सांगते. छापखान्यातून मोठा कागद येतो, त्याला तीन घड्या घातल्या की सोळा पानं होतात. तो एक फर्मा. असे सातआठ फर्मे एकावर एक शिवले की पुस्तक. नुसती घडी घातलेली असते तेव्हा पानं कडेला एकमेकांना जोडलेली असतात, सुरीने त्या घड्या कापल्याशिवाय आत वाचता येत नाही. इंदूताईंच्या कारखान्यात दर महिन्याला रहस्यकथांचे गठ्ठे यायचे. त्यातल्या शाई फासलेल्या, वाकड्या छापलेल्या कागदांची रद्दी व्हायची, आणि मालकांना विचारून इंदूताई त्यातून एक अख्खं पुस्तक जुळवून घरी आणायच्या, सुटंच. आमच्या मजल्यावर ते पुस्तक चालायचं. पहिला फर्मा त्या स्वतः वाचून पलीकडच्या खोलीतल्या मनोरमावहिनींना द्यायच्या, वहिनी दुसऱ्यावर आल्या की पहिला माझ्याकडे. एकाच वेळी तिघी एकच पुस्तक वाचत असायचो, तीन वेगवेगळ्या ठिकाणी. त्यामुळे नळावर पुढचीने मागचीला काही बोलायचं नाही असा दंडक होता. वहिनींना तो पाळणं फार जड जायचं. बादली भरताना त्या माझ्याकडे बघून नुसत्या उसासे टाकायच्या, की मला कळायचं, पुढे कुणीतरी मेलेलं आहे.

शेवटचा फर्मा मात्र कुणालाच मिळत नसे. तो इंदूताई न कापता तांदळाच्या डब्यावर ठेवायच्या. बाकीचे सगळ्यांचे वाचून झाले की रविवारी दुपारी त्यांच्या खोलीत जमायचं, आणि प्रत्येकीने गुन्हेगार कोण ते सांगायचं. नुसतं नाव चालत नसे. "नाव कुणीही सांगेल. कारण सांग," म्हणायच्या. कारण पटलं की म्हणायच्या, "मान्य." मग ते पुढे चुकीचं का निघेना. तिघींचं मान्य झालं की सुरी घ्यायच्या, घड्या कापायच्या आणि मोठ्याने वाचायच्या. वाचून झालं की दाभणाने भोकं पाडून, दोऱ्याला मेण लावून पुस्तक शिवून टाकायच्या. वर गिरणीतल्या कापडाच्या तुकड्याचं वेष्टण. त्यांच्या फळीवरचं प्रत्येक शिवलेलं पुस्तक म्हणजे तिघींनी कारणं दिलेलं पुस्तक.

एकदा वहिनींच्या घरी फर्म्यांची अदलाबदल झाली. तळाला आकडा छापलेला असतो, पण तो बघणार कोण. तिसऱ्याच्या आधी त्यांनी चौथा वाचला. त्यात एका सावकाराचा खून झाला, आणि मग तिसऱ्यात तो सावकार आरामखुर्चीत बसून चहा पिऊ लागला. रविवारी वहिनी अगदी जिंकल्यासारख्या आल्या. "अगो, मेलेलो माणूस चाय पिता! म्हंजे तो मेलोच नाय. त्येनाच केल्यान सगळा." माझी हसून पुरेवाट झाली. इंदूताईंनी चेहरा जराही न हलवता सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "कारण आहे. मान्य." फर्मे उलटसुलट वाचले हे वहिनींना कळलं तेव्हा त्यांनी तो सबंध आठवडा छापखान्यावर राग काढला.

माझी अडचण वेगळी होती. मला पुस्तकातल्या सगळ्यांचाच संशय यायचा. वैद्याचा, नोकराचा, दूध घालणाऱ्याचासुद्धा. वहिनी म्हणायच्या, हिच्या घरात पोलीस आले तर चाळ रिकामी होईल. मला लाज वाटायची. इंदूताई म्हणाल्या, "संशय येतो तर येऊ दे. एकेकाला सोडत जा. कारण मिळालं की सोडायचं." तसं मी करू लागले. बोट ओळीखालून निघालं ते कधी, माझ्या लक्षातही आलं नाही. आणि घराच्या कडीचंही हळूहळू तसंच झालं. दारावर वाजलं की मी मनात एकेकाला सोडत जायची. पाणीवाला नाही, आज त्याचा दिवस नाही. पोस्टमन नाही, तो हाक मारतो. मग उरायच्या वहिनी.

ते दिवस संयुक्त महाराष्ट्राचे. लालबाग-परळमध्ये रोज सभा, रोज मोर्चे, भिंतींवर चुन्याने लिहिलेली अक्षरं. हे गिरणीतून थेट सभेला जायचे, घसा बसवून यायचे. मला सांगायचे काहीच नाहीत. मी घाबरेन म्हणून. आणि एके दिवशी फोर्टात गोळीबार झाल्याची बातमी आली. संध्याकाळी संचारबंदी लागली, खाली रस्ता एकदम मोकळा झाला, आणि हे आले नव्हते. मी गॅलरीच्या कठड्याला धरून उभी होते. मला पुढचं सगळं दिसत होतं... कोण सांगायला येईल, गावी कोण कळवील, इथपर्यंत. इंदूताईंनी मला धरून आत आणलं, पाणी दिलं आणि म्हणाल्या, "सुमन, तू शेवटचा फर्मा आधी फोडून बसलीस. पहिल्यापासून सांग. सकाळी काय नेलं त्याने?"

मला काही आठवेना. त्या म्हणाल्या, आठवू नकोस, बघ. मी खोलीभर बघितलं. खुंटीवर सदरा नव्हता, जाडा. मनगटावरचं घड्याळ फळीवर काढून ठेवलेलं. आणि वळकटीतली चादर नव्हती. ती सकाळी माझ्या नजरेतून सुटली होती. इंदूताईंनी वळकटी उलगडून पुन्हा एकदा बघितली.

"गोळी खायला निघालेला माणूस चादर नेत नाही," त्या म्हणाल्या. "तुरुंगात झोपायला निघालेला नेतो. सत्याग्रहाला गेलाय तो. चल, ताट मांड."

मी माझं ताट घेतलं. त्या म्हणाल्या, त्याचंही. तो यायचा आहे ना? मग रोज मांडायचं.

चौथ्या की पाचव्या दिवशी निरोप आला की हे तुरुंगात आहेत, धडधाकट. खालच्या मजल्यावरचा एकजण मात्र परत आला नाही. त्याच्या आईचा आवाज वर यायचा तेव्हा मी माझ्या ताटाकडे न बघता जेवायची. पुढे एकदा मी इंदूताईंना विचारलं, तुम्हाला तेव्हा खरंच खात्री होती का हो? त्या दोरा मेणावर ओढत होत्या. म्हणाल्या, "कारण होतं. खात्री नव्हती." आणि दोरा सुईत ओवताना, "पण तुला कारणच हवं होतं त्या दिवशी."

हे आत असतानाच आमचं एक पुस्तक चालू होतं. थंड हवेच्या ठिकाणचा बंगला, म्हातारे दादासाहेब आतून बंद असलेल्या खोलीत मेलेले, घरात पुतण्या, डॉक्टर, कारकून आणि स्वयंपाकघर सांभाळणाऱ्या आत्याबाई. वहिनींनी डॉक्टर सांगितला, कारण तो गोड बोलतो. "मान्य" झालं. फक्त मी नाव सांगायचं राहिलं होतं आणि तेवढ्यात हे सुटून आले. आले ते बातमी घेऊनच, की गिरणीने कामावर घ्यायचं नाकारलं आहे. थोडे दिवस इकडेतिकडे बघितलं. मग यांचे मावसभाऊ इंदूरला गिरणीत होते, त्यांनी बोलावलं. मला मुंबईत यायची भीती वाटली होती, त्याच्या दसपट मुंबई सोडायची वाटली. निघायच्या दिवशी इंदूताईंनी त्या पुस्तकाचे सात फर्मे सुतळीने बांधून माझ्या पिशवीत घातले. आठवा हातात धरून म्हणाल्या, "नाव सांग. आत्ता कापते, आत्ता शिवते, घेऊन जा."

मला नाव माहीत होतं. पण ते सांगितलं की फर्मा कापला जाणार, पुस्तक शिवलं जाणार, फळीवरच्या इतर पुस्तकांसारखं ते संपणार. आणि मग इंदूरला बसून मी त्यांना लिहिणार काय? चौथी शिकलेल्या बाईने गिरगावात काम करणाऱ्या बाईला लिहावं असं माझ्यापाशी होतंच काय दुसरं? मी म्हटलं, "अजून ठरत नाही." त्यांनी माझ्याकडे जरा बघितलं आणि आठवा फर्मा परत तांदळाच्या डब्यावर ठेवला.

पुढे महाराष्ट्राचं राज्य झालं. ज्याच्यासाठी हे चादर घेऊन निघाले होते, ते झालं तेव्हा आम्ही त्याच्या हद्दीबाहेर. त्या दिवशी यांनी जिलबी आणली, आम्ही दोघांनीच खाल्ली, शेजाऱ्यांना कशाची ते नीट सांगताही येईना. लालबागेत त्या रात्री केवढी रोषणाई होती, वहिनी गॅलरीत कशा नाचल्या, ते मला इंदूताईंच्या कार्डावरून कळलं. कार्डाच्या शेवटी, पत्त्याला लागून, बारीक अक्षरात असायचंच, "नाव ठरलं का?" मी उलट लिहायची, "कारकुनाला सोडलं. बाकीचे आहेत." पुढच्या वर्षी पुतण्याला सोडलं. मग डॉक्टरला परत घेतलं, वहिनींना बरं वाटावं म्हणून. अशी किती कार्डं गेली-आली. मुंबईला गेले की मी त्यांच्या खोलीत उतरायची. डबा तिथेच, वर घडी केलेला फर्मा. मी त्याच्याकडे बघायची नाही आणि त्याही तो विषय काढायच्या नाहीत. मला आपलं वाटायचं, इंदूताईंचं तर त्याच कारखान्यात काम, त्यांनी कधीच वाचलेलं असणार. मला नाव माहीत आहे हेही त्यांना कळलेलं असणार. दोघी तांदूळ निवडत वेगळंच बोलत बसायचो.

गेल्या आठवड्यात दिलीप कामानिमित्त इकडे आला, तेव्हा वर्तमानपत्रात गुंडाळलेलं एक पुडकं देऊन गेला. म्हणाला, हे कुणाचं ते आत्याने कधीपासून सांगून ठेवलं होतं. तो गेल्यावर मी सोडलं. आठवा फर्मा. कागद पिवळा पडलेला, एका कोपऱ्याला तांदळाच्या किडीने केलेलं बारीक भोक. मी तो उलटासुलटा करून बघितला, मग खिडकीपाशी नेऊन बघितला. वरच्या घड्या जोडलेल्या होत्या, बाजूच्याही. सुरी कुठेच लागली नव्हती... इतकी वर्षं त्यांनीही वाचला नव्हता. तिघींचं मान्य झाल्याशिवाय कापायचा नाही हा नियम त्यांनी स्वतःलासुद्धा लावून घेतला होता, आणि मी वर्षानुवर्षं एकेकाला सोडत आणि परत धरत बसले, तोवर त्या डब्यावरचा फर्मा बघत थांबल्या होत्या.

मी ट्रंकेतून सात फर्मे काढले. सुतळी हात लावताच तुटली. स्वयंपाकघरात पाट घेऊन बसले आणि मोठ्याने म्हटलं, आत्याबाई. कारण, दादासाहेब मेल्याचं घरात कुणालाच माहीत नव्हतं तेव्हा आत्याबाईंनी जेवणाला एक ताट कमी मांडलं होतं. ती ओळ मी वाचली तेव्हा आमच्या खोलीत यांचं ताट रोज मांडलेलं असायचं. ज्या बाईला माणूस यायचा आहे असं वाटतं, ती ताट कमी करत नाही. ते मला दुसऱ्या कुणी शिकवलं नव्हतं.

मग दाभण घेतलं, दोऱ्याला मेण लावलं. इंदूताईंनी शिकवलेली शिवण बोटं विसरली नव्हती. आठही फर्मे शिवले, शेवटचा तसाच, घड्या न कापता. पुस्तक आता फळीवर आहे. आत्याबाई होत्या की नव्हत्या, ते मागच्या सोळा पानांत आहे. सुरी जवळच असते, भाजीच्या टोपलीत. पण जे इंदूताईंना कळलं नाही, ते मी एकटीने वाचून काय करू...