दीड ओळीची चिठ्ठी

माझ्या चिठ्ठ्या लांबलचक असतात म्हणून धुळ्याची डॉक्टरमंडळी माझी थट्टा करतात. दम्याचा रोगी पाठवला की सोबत पोथी येते, म्हणे. करू देत थट्टा. एके काळी मी दीडच ओळ लिहीत असे, आणि तेव्हा मला कोणी हसत नसे.

शिरपूरला दवाखाना थाटून मला दोनच वर्षं झाली होती. कापसाच्या जिनात कामाला जाणारी एक बाई माझ्याकडे यायची. हंगाम सुरू झाला, रुईची धूळ नाकातोंडात गेली, की तिचा दमा उसळायचा. एकदा तिची तडफड बघवेना म्हणून मी झोप आणणारी मॉर्फियाची सुई दिली. तडफड थांबली, पण श्वासही थांबत आला. ओठ निळे पडले. दुपारभर मी आणि कंपाउंडर तिच्याशी झटत होतो, तेव्हा कुठे ती परतली. ही सुई हिला पुन्हा द्यायची नाही, एवढं मी त्या दिवशी शिकलो.

महिन्याभराने तिचा दमा मला आवरेना. धुळ्याच्या एका मोठ्या डॉक्टरांकडे पाठवायचं ठरलं. मोटार सुटायची घाई होती, हे खरं. पण मॉर्फियाचं लिहायला घाई आडवी आली नाही, लाज आडवी आली. ते वाचून माझी अक्कल काढतील, ही भीती. म्हणून इंग्रजीत दीड ओळ खरडली: जुना दमा, ठेवून घेऊन उपचार व्हावेत. तिच्या नवऱ्याने चिठ्ठीची घडी मुंडाशात जपून खोचली.

आठवड्याने तो एकटाच आला.

"डाक्टरनी दोन दाव इचारं, पहिले कोनती सुई दिधी व्हती? मी सांगं, साहेब, बठ्ठं चिठ्ठीमा लिखेल शे." सगळं चिठ्ठीत आहे, असं त्याने त्यांना छातीठोक सांगितलं होतं. "मंग त्यासनी झोपनी सुई दिधी. ती निजनी, मंग उठनीच नही."

हे सांगतानाही त्याच्या आवाजात माझ्या चिठ्ठीचा अभिमान होता. मला स्वतःची शिसारी आली.

धुळ्याहून परत मिळालेली ती चिठ्ठी त्याने मुंडाशातून काढून माझ्यासमोर धरली. "भाऊ, एकदाव वाची दखाडा. काय लिखेल व्हतं?"

मी वाचायला लागलो. जिन, रुईची धूळ, निळे पडलेले ओठ, मॉर्फिया चुकूनही देऊ नये. त्या दीड ओळीवर बोट फिरवत मी सगळं वाचलं. लिहायला हवं होतं त्यातलं काहीच सुटलं नाही.

तो मान हलवत ऐकत होता. मग म्हणाला, "बठ्ठं ते लिखेल व्हतं. मंग त्यासनी वाचं नही का, भाऊ?"

"नसेल वाचलं," मी म्हणालो.