देवराईतला फणस
विश्रामबागेतली नात परवा सांगत होती, जपानात माणसं रानात जाऊन नुसती बसतात, पाखरांचे, पाण्याचे आवाज ऐकतात, त्यानं जीव निवतो म्हणे. मला काय त्याचं नवल? बहात्तर सालाच्या आसपास माझं पहिलं बाळ गेलं आणि झोपच उडाली, तेव्हा सासरेच म्हणाले होते, "सूनबाई, देवराईत बसत जा, लय बरं वाटंल." साताऱ्याच्या डोंगरातलं आमचं गाव, तिथल्या देवराईतली वाळकी काडीसुद्धा कुणी घरी न्यायचं नाही. मी आपली म्हाताऱ्या फणसाला पाठ लावून बसायची. खाली झरा वाहायचा, वर तांबट पक्ष्याचं टुकटुक चालायचं, आणि महिन्याभरात तिथं माझा डोळा लागायला लागला. एक दिवस गेले तर फणस आडवा पडलेला, पिवळ्याधमक ढलप्यांचा सडा, आणि गुरव कुऱ्हाडवाल्यांना पाणी देतोय. मी म्हटलं, "आवं, देवाचं झाड तोडलं?" तो म्हणाला, "कौल घेतलाय की देवाचा. तुमचं सासरंच म्हणालं, ह्या झाडानं सुनंला धरलंय, रोज वढून नेतंय. तुमच्यापायीच तोडलं, वैनी." पुढं दिवाळीला आमच्या नव्या घराला त्याच फणसाची चौकट बसली. सासरे दारात उभं राहून मायेनं म्हणाले, "आता झोप लागती न्हवं?" फणस गेल्यापासून झोप पुन्हा उडाली होती, तरी मी मान डोलावली. त्यांना जाऊनही लय वर्षं झाली, पण तेव्हा मान का डोलावली, हा राग अजून माझा माझ्यावरच आहे.